आवारातल्या पाण्याची वाट

पावसाळ्याचे पहिले चार दिवस गेले की बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारांतून एकच मागणी सुरू होते: पाणी साचतंय, एखादा पाइप टाकून द्या. पाइप पडतो, वर फरशी बसते, बिल चुकतं होतं आणि पुढच्या मोठ्या सरीत पाणी पुन्हा जिथल्या तिथे उभं. यात पाइपचा दोष क्वचितच असतो. पाणी येतं कुठून, जमिनीत जिरतं किती आणि शेवटी जायचं कुठे, हे कुणी विचारलेलंच नसतं. आवाराचा निचरा हा मुळात पातळ्यांचा प्रश्न आहे. पाइप, जाळ्या, शोषखड्डे हे सगळं त्यानंतर येतं, आणि आपण मात्र नेमकी सुरुवात तिथूनच करतो.

आधी पाण्याचं माप पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. तेव्हा गुंठाभर जागेवर १० मिलिमीटरची सर पडली की हजार लिटर पाणी आलं. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला, आणि असा पाऊस कोकणात नवलाचा नाही, तर पाच हजार लिटर, म्हणजे पाण्याचा अर्धा मोठा टँकर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या हिशेबाने गुंठ्याला साडेनऊ टँकर होतात. एवढ्या पावसाला कुठलंही घरगुती गटार पुरणार नाही आणि त्यासाठी ते बांधायचंही नसतं. वर्षातून दहा-वीसदा येणाऱ्या जोरदार सरीचं पाणी दोन दिवसांत जागेवरून हललं पाहिजे, एवढंच उद्दिष्ट धरावं. ते साधलं तर भिंतीची ओल, डास, शेवाळ आणि कुजणारी मुळं ही बहुतेक दुखणी आटोक्यात येतात.

निदान पावसातच करायचं. छत्री घेऊन सर चालू असताना आवारात फिरावं, पाणी कुठून कुठे धावतं ते पाहावं आणि सर थांबल्यावर डबक्याच्या काठाने चुन्याची रेघ मारून ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती रेघ आणि उरलेलं पाणी यांतला फरक जमीन किती पिते ते सांगतो. मग गवंड्याची लेव्हल ट्यूब आणावी. पारदर्शक नळीत पाणी भरायचं आणि आत बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करायची. एकाने एक टोक जोत्याला धरून पेन्सिलने खूण करायची, दुसऱ्याने दुसरं टोक फाटकापाशी उभ्या केलेल्या काठीला लावायचं. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते, त्यामुळे खुणेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजली की खरा उतार हाती लागतो. डोळ्यांना फाटकाकडे उतरतंय असं वाटणारं आवार प्रत्यक्षात घराकडे उतरत असल्याचं या साध्या नळीवर कितीतरी वेळा उघड होतं. या अर्ध्या तासाच्या कामाआधी कुणी खोदाईचं दरपत्रक दिलं, तर ते बाजूला ठेवावं.

उतार उलटा होतो कसा? एक कारण आवाराच्या बाहेर आहे आणि शहरांत तेच सर्वांत मोठं आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर वर हवं आणि आतला चौक जवळच्या रस्त्याच्या मध्यापेक्षा किमान १५० मिलिमीटर वर. घर बांधताना हे बहुधा पाळलेलंही असतं. पुढे मात्र दर काही वर्षांनी रस्त्यावर जुना थर न खरवडता डांबराचा नवा थर चढतो, मग त्यावर काँक्रीट येतं, आणि एके काळी रस्त्याहून उंच असलेलं आवार त्याच्याखाली जातं. पुण्या-ठाण्यातल्या जुन्या बंगल्यांसमोर उभं राहून पाहा: ओट्याला पूर्वी चार पायऱ्या होत्या, आता दोन दिसतात, उरलेल्या भरावाखाली गेल्या. मालक आवारात मुरूम टाकून ते उंच करतो तेव्हा जोतं बुडतं, आणि डबकं अंगणातून उठून थेट भिंतीच्या पोटात शिरतं. रस्ता नव्याने करताना आधीचा थर मिलिंग करून काढणं हाच यावरचा उपाय आहे आणि तो घरमालकाच्या हातात नाही. पण काम सुरू होण्याआधी प्रभाग कार्यालयात सोसायटीने लेखी मागणी करणं हातात आहे. रस्ता झाल्यावर तक्रार करून काही हाती लागत नाही.

दुसरं कारण भराव. नव्या वसाहतींत जमीन सपाट करताना राडारोडा टाकतात: विटांचे तुकडे, प्लॅस्टरची ढेकळं, त्यावर हातभर माती. दोन-तीन पावसाळ्यांत हा भराव कुठे चार इंच, कुठे एक इंच असा बसतो आणि वरचे पेव्हर ब्लॉक त्याच्याबरोबर खचतात. जुन्या पद्धतीत याची सोय वेगळी होती. कोकणात पाऊस संपला की खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, नव्याने करत: माती भिजवायची, ओढायची, पेटण्याने चोपायची आणि वर शेणाचा सारवा. त्या दरवर्षीच्या चोपण्यात बसलेली जागा भरून निघायची आणि उतार पुन्हा जागेवर यायचा. पेव्हर एकदा बसवला की पंधरा वर्षं कुणी त्याच्याकडे पाहत नाही. सारवलेल्या खळ्याकडे परत जा असं मी म्हणणार नाही, पण खचलेली चार फुटांची पट्टी उचलून खाली मुरूम ठोकून ब्लॉक परत बसवणं हे एका दिवसाचं काम आहे आणि निम्मी डबकी तेवढ्याने जातात. भिंतीला लागून पहिल्या दहा फुटांत अर्धा फूट उतार मिळाला तर फार उत्तम. कोबा किंवा फरशी असेल तर पन्नासाला एक चालतो.

पेव्हरच्या सांध्यांतून पाणी आपोआप जमिनीत जातं असा समज आहे. खाली मोकळ्या खडीचा थर असेल तर ते खरंही आहे. आपल्याकडे मात्र खाली ठोकलेला मुरूम, त्यावर क्रशरची डस्ट आणि कधी तर सरळ काँक्रीटचा थर असतो. तिथे ब्लॉक आणि कोबा यांत पाण्याच्या दृष्टीने काहीच फरक राहत नाही. आंब्याच्या, नारळाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक ठोकून बसवलेली आवारं पाहिली की वाईट वाटतं. झाडाभोवती निदान चार फुटांचं उघडं आळं ठेवायला काय हरकत आहे?

आवारात साचणारं पुष्कळसं पाणी आवारात पडलेलंच नसतं. ते छतावरून येतं. हजार फुटांच्या गच्चीचं सगळं पाणी दोन पाइपांतून उतरतं आणि ते पाइप जोत्यापाशी, जमिनीपासून वीतभर वर, तोंड उघडं टाकून संपलेले असतात. घराच्या पायाशी यापेक्षा वाईट वागणूक दुसरी नाही. कौलारू घराला निदान पागोळ्या सगळ्या लांबीभर पडतात आणि त्यांच्याखाली दगडांची रांग लावलेली असते. गच्चीच्या पाइपमध्ये तेच पाणी एका जागी धबधब्यासारखं कोसळतं. हे पाणी बंद पाइपने घरापासून किमान दहा फूट लांब न्यावं किंवा टाकीत घ्यावं. हजार लिटरची टाकी मात्र गुंठाभर छतावर दहा मिलिमीटरच्या एका सरीत भरते, त्यामुळे टाकीचा ओव्हरफ्लो कुठे जाणार हे टाकी बसवण्याआधी ठरवायला हवं. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियमावलीने ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचं केलं आहे. लहान बंगले त्यातून सुटतात, आणि मोठ्या सोसायट्यांतही भोगवटा प्रमाणपत्रासाठी बांधलेला खड्डा पुढे गाळाने भरून विसरला जातो.

आता जमिनीकडे वळू, कारण इथे एकच नुस्खा सगळीकडे चालत नाही. विदर्भ-मराठवाड्यातली, सोलापूर-नगरकडची काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. भेगा उघड्या असताना पहिलं पाणी झटकन आत जातं, पण एकदा का ती फुगून मिटली की वर पाणी दिवसचे दिवस थांबतं. शिवाय घराच्या एका बाजूला पाणी मुरवलं तर तेवढीच बाजू फुगते आणि भिंतींना तिरक्या चिरा पडतात. काळ्या मातीत मुरवायचं तर घरापासून दूर. नाहीतर सरळ बाहेर काढायचं. मुरमाच्या जमिनीत काम सोपं आहे. कोकणातला जांभा सच्छिद्र, पाणी झरझर पितो, पण खाली शेडीचा, म्हणजे चिकण मातीचा, थर लागला की तेच पाणी आडवं चालतं आणि उताराच्या खालच्या घराच्या जोत्यातून बाहेर पडतं. पुण्यात कित्येक ठिकाणी चार-पाच फुटांवर काळा पाषाण लागतो. तिथे शोषखड्डा म्हणजे पाण्याने भरलेला हौद. आणि खाडीकाठच्या भरावावर भरतीच्या वेळी जमिनीतलं पाणीच इतकं वर आलेलं असतं की मुरायला जागा उरत नाही. आपली जमीन कशी आहे ते कळायला फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते जिरलं की पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-सहा तासांत गेलं तर मुरवण्याचा विचार करावा. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसंच असेल तर तिथे शोषखड्ड्यावर खर्च करू नये.

शोषखड्ड्यांचं आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण नांदेड जिल्ह्यातलं. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, उघडी गटारं बंद केली, आणि डास कमी झाल्यामुळे त्या गावाची चर्चा राज्यभर झाली. पुढे रोजगार हमीतून जिल्ह्यात हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. खड्डा चार फूट लांब, चार रुंद, चार खोल, आत भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी. हे यश खरं आहे आणि कौतुकाचं आहे. पण ते मोरीच्या सांडपाण्यासाठी होतं, म्हणजे दिवसभरात थोडंथोडं येणाऱ्या काही शे लिटरसाठी. त्याच मापाच्या खड्ड्यात एकूण १,८०० लिटर मावतात. तो नुसता खडीने भरला तर मोकळी जागा साधारण ४० टक्के, म्हणजे जेमतेम ७०० लिटर. गुंठ्यावर तासात येणाऱ्या पाच हजार लिटरपुढे हे काहीच नाही. म्हणून पावसासाठी शोषखड्डा घ्यायचा तर त्याला वरून बाहेर जाणारी वाट हवीच. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आवारातलं गाळ-तेल मिसळलेलं पाणी बोअरमध्ये सोडू नका. गच्चीचं पाणी गाळणीतून बोअरला देणं वेगळं. गाड्या धुतलेल्या फरशीवरचं पाणी थेट सोडलं की आपलं आणि शेजाऱ्याचंही पिण्याचं पाणी नासतं, आणि ते पुन्हा साफ करण्याचा स्वस्त मार्ग नाही.

जमिनीच्या आत झिरपून येणाऱ्या पाण्यासाठी जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे खडीची चर. इंग्रजीत ‘फ्रेंच ड्रेन’ असं नाव असलं तरी तिचा फ्रान्सशी संबंध नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डचे वकील आणि न्यायाधीश हेन्री फ्रेंच यांनी १८५९ मध्ये शेतजमिनीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून हे नाव पडलं. चर करायची अशी: एक फूट रुंद, दीड ते दोन फूट खोल, शंभर फुटांना एक फूट उतार. तळाला आणि दोन्ही बाजूंना जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर दोन इंच खडी, मग चार इंची भोकांचा पाइप, त्याची भोकं खाली. पाणी तळातून चढतं आणि पाइपमध्ये शिरतं, म्हणून भोकं वर ठेवायची नाहीत. पाइपवर पुन्हा खडी, कापड वरून दुमडून घ्यायचं, आणि सर्वांत वर गोटे किंवा माती. सुरुवातीच्या टोकाला झाकणाचा एक उभा पाइप ठेवावा म्हणजे पुढे पाण्याचा फवारा सोडून आतला गाळ काढता येतो.

काम बिघडतं ते तीन जागी. खडी धुतलेली नसते, त्यामुळे क्रशरची भुकटी पहिल्याच पावसात पाइपची भोकं बुजवते. कापडाऐवजी गोणपाट टाकतात, तो वर्षात कुजतो. आणि गच्चीचा पाइप याच भोकांच्या पाइपला जोडून देतात. मग छताचं सगळं पाणी त्या भोकांतून घराच्या पायाशी मुरायला लागतं, म्हणजे जे टाळायचं तेच आपण पैसे देऊन करून घेतो. छताच्या पाण्याला वेगळा, बिनभोकांचा पाइप हवा.

जागा असेल तर उथळ चर आणि ओली बाग यांच्यासारखा उपाय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या सुमारास नव्या वसाहतीत घरोघरी अशा खोलगट बागा केल्या गेल्या आणि तिथून ही कल्पना पसरली. आपल्या परसात तिचं मूळ रूप कधीचंच आहे: न्हाणीचं पाणी जिथे पडतं तिथे अळू, कर्दळ, केळी. या झाडांना ओला पाय चालतो, वाळ्याची मुळं तर जमिनीत खोल शिरून पाण्याला वाट करून देतात. आवाराच्या सखल कोपऱ्यात सहा ते आठ इंच खोल, बशीसारखी जागा करायची, माती जड असेल तर वाळू आणि शेणखत मिसळायचं, आणि काठाच्या एका बाजूला दगड लावून जादा पाण्याला बाहेरची वाट ठेवायची. दोन दिवसांत ती कोरडी झाली पाहिजे.

दोन दिवसांचा आग्रह डासांसाठी. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. कोरड्या पडलेल्या जागेतली अंडीसुद्धा काही महिने जिवंत राहतात आणि पाणी मिळताच फुटतात. उघड्यावरचं डबकं निदान दिसतं. निचऱ्यासाठीच बांधलेलं चेंबर मात्र दिसत नाही. गाळ बसावा म्हणून त्याचा तळ पाइपच्या खाली ठेवलेला असतो, त्यात सहा इंच पाणी पावसाळाभर उभं राहतं, वर सावली आणि जाळी. अशा चेंबरच्या तळाला एक भोक पाडून खाली खडी भरावी म्हणजे सर संपल्यावर ते पाणी जिरतं. काळ्या मातीत हे जमत नाही. तिथे जाळीखाली बारीक मच्छरदाणीची जाळी लावून आठवड्याला चेंबर उपसावं लागतं.

आता शेवटाचा प्रश्न, जो खरं तर पहिला विचारायला हवा: पाणी सोडायचं कुठे? ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडण्याचा मोह होतो, कारण ते आवारातच असतं. मैलापाण्याच्या वाहिन्या पावसाच्या मापाच्या नसतात. सगळ्यांनी तसं केलं की मुसळधार पावसात तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं. पावसाळी गटाराला जोडायचं तर त्या गटाराची पातळी आपल्या पाइपच्या खाली आहे का ते मोजून पाहावं. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाला आणि ओहोटीच्या वेळेला धरून बांधलेली. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायला सांगितलं, पण कामाला खरी गती आली २००५ च्या पुरानंतर. भरतीला गटार तुडुंब असताना त्यातलं पाणी आपल्या पाइपमधून आत येतं. तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप बसवावी. आवार रस्त्याच्या खालीच गेलं असेल तर पंपाशिवाय गत्यंतर नाही, आणि पाऊस जोरात असतो तेव्हाच वीज जाते हे लक्षात ठेवून पंप निवडावा.

शेजाऱ्याच्या हद्दीत सोडण्यावरून होणारी भांडणं पिढ्यान्पिढ्या चालतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात याचा स्पष्ट विचार आहे: वरच्या जमिनीवर पडलेलं, ठरलेल्या प्रवाहात नसलेलं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर गेलं तर खालच्या मालकाने ते जाऊ द्यायचं. हे संरक्षण नैसर्गिक वाहण्याला आहे. आपलं सगळं पाणी पाइपमध्ये गोळा करून त्याच्या भिंतीवर सोडलं तर या तरतुदीकडे बोट दाखवता येणार नाही. खालच्या मालकानेही सीमाभिंत बांधताना तळाला पाणी जायला भोकं ठेवावीत, नाहीतर भिंत धरण होते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा काठच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती पाण्याच्या दाबाने कोसळल्या आणि माणसं दगावली. ओढ्याची वाट बुजवून वसाहत झाली असेल तर घराघरांतल्या चरींनी तो प्रश्न सुटत नाही. तिथे महापालिकेला धरूनच भांडावं लागतं.

बांधून झालेल्या निचऱ्याची निगा मे महिन्यात ठेवायची: पानं, प्लॅस्टिक, गाळ काढायचा आणि तो चेंबरच्या काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलायचा, नाहीतर पहिल्या सरीत तो परत आत जातो. आणि चर बुजवण्याआधी पाइपचे फोटो काढावेत, भिंतीपासूनची अंतरं, खोली आणि झाकणाच्या जागा कागदावर लिहून सोसायटीच्या फाइलमध्ये लावाव्यात. पुढे गॅसची वाहिनी किंवा केबल टाकायला कुणी कुदळ घेऊन आलं की आधी त्याच्या हातात तो कागद द्यावा.